राक्षस कुणाच्या पाळीला येतो

महाकाय राक्षसांच्या कथांचा एक संग्रह मराठीत निघायला हवा, आणि तो मोठ्या माणसांसाठी असायला हवा. असं म्हटलं की वाचनाची आवड असलेली मंडळीसुद्धा विषय पोरांच्या पुस्तकांकडे नेतात. राक्षस म्हणजे चांदोबा, राक्षस म्हणजे सुट्टीत मुलांना दाखवायचा इंग्रजी सिनेमा, अशी आपली समजूत आहे. धरणं, स्फोट, विस्थापन, सरकारी बेपर्वाई यांबद्दल बोलायचं तर वास्तववादी कथा आहे, लेख आहेत, मोर्चे आहेत, मग राक्षस मध्ये कशाला, असं विचारलं जातं. प्रश्न योग्य आहे. त्याचं उत्तर द्यायला बकासुरापासून सुरुवात करावी लागेल.

गाडाभर अन्न, ते खात बसलेला भीम आणि शेवटची मारामारी एवढी गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ असते. आदिपर्वात मात्र मारामारीच्या आधी बराच मजकूर आहे आणि त्यात राक्षस कुठेच दिसत नाही. दिसतं ते एक घर. एकचक्रानगरीत पांडव ज्या ब्राह्मणाकडे उतरलेले असतात, त्याच्या घरातून कुंतीला रडण्याचा आवाज येतो. त्या घराची पाळी आलेली असते. गाडाभर अन्न, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस, असा ठरलेला हप्ता. बाप म्हणतो मी जातो, बायको म्हणते मी जाते, मुलगी म्हणते मला पाठवा. मग बोबडं बोलणारा धाकटा मुलगा गवताची काडी उचलतो आणि म्हणतो, हिने मी त्याला मारीन. रडणाऱ्या माणसांना त्या क्षणी बरं वाटतं.

पुढे तो ब्राह्मण कुंतीला गावचा कारभार सांगतो. राजा दुसरीकडे राहतो, तो दुबळा आहे, प्रजेचं काही बघत नाही. बकासुर बलवान आहे, त्याच्यामुळे या मुलखाला परचक्राचं भय उरलेलं नाही, आणि हे अन्न म्हणजे त्याचं वेतन. पाळी बऱ्याच वर्षांनी येते, पण येते. जे चुकवू बघतात त्यांना तो बायकामुलांसकट खातो. आणि मग तो एक वाक्य बोलतो: माणूस विकत घ्यायला माझ्याजवळ पैसे नाहीत.

या एका वाक्यात सगळं गाव उघडं पडतं. म्हणजे पैसेवाल्याच्या घरी पाळी आली तर तो दुसऱ्याचं माणूस विकत घेऊन पाठवू शकत होता. राक्षसाची भूक सगळ्या गावासाठी सारखी, पण ती भागवण्याचा खर्च सारखा नाही. जळगाव जिल्ह्यातलं एरंडोल म्हणजेच एकचक्रा असं तिथले लोक मानतात; जवळच्या पद्मालयाला भीमकुंडही दाखवतात. आपल्या मुलखात ही गोष्ट इतकी रुजलेली असताना आपण तिच्यातली फक्त कुस्ती लक्षात ठेवली आणि पाळीची यादी सोडून दिली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. महाकाय राक्षसाची चांगली कथा हीच यादी वाचून दाखवत असते: संकट कुणी आणलं, त्याच्याशी तह कुणी केला, आणि किंमत कुणाच्या घरातून वसूल झाली.

हे आधुनिक काळात सर्वांत स्पष्टपणे जपानमध्ये घडलं. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरात बिकिनी इथे हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. सुमारे ६ मेगाटनांचा स्फोट होईल असा हिशोब होता. झाला १५ मेगाटनांचा. जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर ‘दाईगो फुकुर्यू मारू’ नावाची ट्यूना पकडणारी जपानी बोट होती, तिच्यावर २३ खलाशी. पहाटे त्यांना पश्चिमेला उजाडलेलं दिसलं. काही तासांनी आभाळातून पांढरी भुकटी पडायला लागली. ती स्फोटात उडालेल्या प्रवाळाची राख होती. गळांच्या लांबच लांब दोऱ्या समुद्रातून ओढून घ्यायच्या होत्या, ते तासन् तासांचं काम, आणि तेवढा वेळ ती राख त्यांच्या केसांवर, मानेवर, डेकवर साचत राहिली. १४ मार्चला बोट याइझू बंदराला लागली तेव्हा सगळे आजारी होते. २३ सप्टेंबरला बोटीचा रेडिओ ऑपरेटर आइकिची कुबोयामा वारला, वयाच्या चाळिशीत.

जपानभर मासळीबाजारात घबराट पसरली, पकडलेले मासे फेकावे लागले. तोक्योच्या सुगिनामी भागातल्या गृहिणींनी बॉम्बविरोधी सह्यांची मोहीम उचलून धरली आणि ती वाढत वाढत ऑगस्ट १९५५ पर्यंत ३ कोटी सह्यांच्या पलीकडे गेली. अमेरिकेने जानेवारी १९५५ मध्ये २० लाख डॉलर दिले, तेही कायदेशीर जबाबदारी न मानता. मदत करतो, पण दोष कबूल नाही, ही भाषा आपल्याला इथेही चांगली ओळखीची आहे.

स्फोटाच्याच वर्षी, ३ नोव्हेंबर १९५४ ला, इशिरो होंडा यांचा ‘गोजिरा’ पडद्यावर आला. आपण त्याला गॉडझिला म्हणतो. बॉम्बच्या चाचण्यांनी समुद्राच्या तळातून उठलेला पन्नास मीटर उंचीचा प्राणी तोक्यो जाळतो, ही त्याची गोष्ट. सिनेमा सुरू होतो तो समुद्रावर अचानक पांढरा प्रकाश पडून पेटलेल्या एका बोटीपासून. त्या नोव्हेंबरात थिएटरात बसलेल्या प्रेक्षकाला ही बोट कुठली, हे कुणी सांगायची गरज नव्हती. अमेरिकेच्या ताब्यातली वर्षं १९५२ मध्ये संपेपर्यंत हिरोशिमा-नागासाकीबद्दल जपानी वृत्तपत्रांना मोकळेपणाने लिहिताही येत नव्हतं. जे छापता येत नव्हतं ते दोन वर्षांनी पडद्यावर चालत आलं.

त्या सिनेमातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रसंग शहर जळण्याचा नाही. तो संसदेतला आहे. राक्षस अणुचाचणीमुळे आला आहे हे शास्त्रज्ञ सांगतो आणि सत्ताधारी बाजूचा एक जण उठून म्हणतो, ही माहिती बाहेर जाऊ देऊ नका, परराष्ट्र संबंध नाजूक आहेत, लोकांत घबराट माजेल. समोर बसलेल्या बायका चिडून उठतात: सत्य जाहीर करा. गोंधळ होतो, आरडाओरड होते. सुगिनामीच्या गृहिणी त्या वेळी रस्त्यावर हेच सांगत होत्या. दुसऱ्या एका प्रसंगात लोकलमधली एक तरुणी सहज बोलून जाते की नागासाकीतून कशीबशी वाचले आणि आता हे. आणि जळत्या रस्त्याच्या कडेला मुलांना कवटाळून बसलेली एक आई त्यांना सांगते, आता आपण बाबांकडे जाणार. हे तीन तुकडे काढले तर तो रबरी पोशाखातल्या माणसाचा खेळ उरतो. १९५६ मध्ये अमेरिकेत दाखवलेल्या आवृत्तीत बहुतांशी तसंच झालं. मध्ये एक अमेरिकन वार्ताहर घालण्यात आला, बॉम्बविषयीचं बरंचसं बोलणं गाळलं गेलं, आणि जगाने पहिल्यांदा पाहिला तो हा कापलेला राक्षस. आपल्या मनात राक्षसाच्या सिनेमाची जी पोरकट प्रतिमा आहे, तिची मुळं बरीचशी या कात्रीत आहेत.

पण मूळ सिनेमाही सगळी यादी वाचत नाही, हेही सांगायला हवं. त्यात अमेरिकेचं नाव येत नाही. आणि त्याहून मोठी गाळलेली जागा म्हणजे ज्यांच्या घरात स्फोट झाला ती माणसं. बिकिनीच्या १६७ रहिवाशांना १९४६ मध्येच बेट सोडायला लावलं होतं. शेजारच्या रोंगेलापवर १ मार्चला तीच पांढरी राख पडली, मुलं तिच्यात खेळली, आणि त्यांना तिथून हलवायला दोन दिवस लागले. १९५७ मध्ये परत आणून सोडलं. १९८५ मध्ये बेट अजून विषारी आहे म्हणून त्यांनी ते स्वतःहून सोडलं. एकचक्रेत माणूस विकत घेऊन पाठवायची सोय होती. इथे तर गावाबाहेरच्या माणसांवर पाळी ढकलली, आणि गोष्ट सांगणाऱ्यांनाही ती दिसली नाही.

माझा कथासंग्रहाचा आग्रह यातूनच येतो. सिनेमाला राक्षस दाखवावाच लागतो, त्यासाठीच तिकीट काढलेलं असतं. त्यामुळे कॅमेरा वर बघत राहतो, आणि खाली काय चाललं आहे त्यासाठी दोन-तीन मिनिटं उरतात. शिवाय दोन तासांत राक्षस मरायला हवा. २०१६ च्या जपानी ‘शिन गोजिरा’ने कॅमेरा खाली आणला, तो फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रातल्या दुर्घटनेनंतरचा सिनेमा, आणि त्यातली बैठकांमागून बैठका घेणारी नोकरशाही फार अचूक आहे. तरी तो कॅमेरा मंत्र्यांच्या दालनांपर्यंत उतरला, चाळीपर्यंत नाही. लघुकथेवर पन्नास मीटरचा पोशाख शिवण्याचा खर्च पडत नाही. तिला राक्षस दाखवायची सक्तीच नाही. वीस लेखक एकाच राक्षसाकडे वीस घरांतून बघू शकतात, आणि एकाच्या कथेत तो मेला तरी दुसऱ्याच्या कथेत त्याच्या पावलाच्या खड्ड्यात साचलेल्या पाण्यावर डास झालेले असतात.

इतिहासही हेच सांगतो. ‘गोजिरा’च्या आधी, १९५३ मध्ये, समुद्रातून आलेल्या एका राक्षसाचा अमेरिकन सिनेमा गाजला होता, आणि जपानी निर्मात्याच्या मनात कल्पना यायला तो कारण ठरला. त्या सिनेमाच्या मागे अमेरिकन लेखक रे ब्रॅडबरी यांची १९५१ ची छोटी कथा आहे. तिच्यात शहर नाही, लष्कर नाही. एक दीपस्तंभ, त्याचा धुक्यातला भोंगा आणि तो आवाज आपल्या जातभाईचा समजून खोल पाण्यातून वर आलेला शेवटचा जीव. इंग्रज लेखक जे. जी. बॅलार्ड यांनी १९६४ मध्ये किनाऱ्याला लागलेल्या एका बुडालेल्या महाकाय माणसाची कथा लिहिली, त्यात तो काहीच करत नाही, मेलेला आहे. लोक आधी बघायला येतात, मग अंगावर चढतात, मग तुकडे करून नेतात. माणसांबद्दल इतकं सांगणारा राक्षस मला तरी पडद्यावर भेटलेला नाही. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियात रॉबर्ट हूड आणि रॉबिन पेन यांनी ‘डायकायजू!’ नावाचा, फक्त महाकाय राक्षसांच्या कथांचा संग्रह काढला आणि पुढे त्याचे आणखी भागही निघाले. म्हणजे हा प्रकार चालतो, वाचला जातो.

आता आक्षेप. पहिला विज्ञानकथेच्या बाजूने येतो आणि मराठीत तो फार जोरदार आहे, कारण आपली विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धांच्या अंगणात वाढली. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये नारायण विनायक जगताप या नावाने पाठवलेल्या कथेला तिथेच बक्षीस मिळालं. त्या परंपरेने आम्हाला कथेतलं विज्ञान तपासायला शिकवलं, आणि तपासलं तर राक्षस उभाच राहू शकत नाही. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ मध्येच हिशोब मांडला होता: माणूस दहापट उंच केला तर वजन हजारपट होतं, पण हाडाचा छेद शंभरपटच, म्हणजे पहिल्या पावलाला मांडीचं हाड मोडेल. हिशोब बिनचूक आहे. पण कथेने एक अशक्य गोष्ट उघडपणे मागून घेतली आणि बाकी सगळं खरं ठेवलं, तर त्या ‘बाकी सगळ्या’ची परीक्षा होते. राक्षस खोटा आहे हे वाचकाला ठाऊक असतं, म्हणून तलाठी खरा असावा लागतो. पावलाखाली गेलेला अर्धा एकर सातबाऱ्यावर लागवडीखाली राहील की पोटखराब्यात जाईल? चिरडलेला ऊस नैसर्गिक आपत्तीत बसतो का? पंचनाम्याला पंच कोण? हे ज्याला लिहिता येईल त्याची कथा कुठल्याही वास्तववादी कथेइतकी कडक असेल.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. राक्षस आणला की गुन्हेगार सुटतो. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळवर राक्षस आला नव्हता. एका कंपनीच्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडलं. कंपनीला नाव होतं, कारखान्याला फाटक होतं. तिथे वायूचा दैत्य रचणं म्हणजे युनियन कार्बाइडला पाठीशी घालणं होईल. हे मला पूर्ण मान्य आहे. पण उलटं उदाहरणही आहे. २००० मध्ये सोलच्या अमेरिकी लष्करी तळावरून फॉर्मल्डिहाइड हे विषारी रसायन गटारात ओतलं गेलं आणि ते हान नदीकडे गेलं. २००६ मध्ये कोरियन दिग्दर्शक बोंग जून-हो यांनी त्यावरून राक्षसपट केला, आणि त्याची सुरुवातच बाटल्या मोरीत रिकाम्या करायला लावणाऱ्या अधिकाऱ्यापासून होते. राक्षस पुढे काहीही करो, त्याला जागं करणाऱ्याचा पत्ता पहिल्याच पानावर लिहिलेला आहे. संपादकाने कथा निवडताना हेच बघावं. राक्षस नुसता ‘आला’ असेल, तर त्या कथेत लेखकाने कुणाला तरी सोडून दिलं आहे.

आणि काही संकटं अशी असतात की तिथे एकच गुन्हेगार दाखवता येत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला, दीडशेहून अधिक माणसं गेली. धरणाच्या जलाशयामुळे भूकंप होतो का, या प्रश्नावर जगभरचे भूशास्त्रज्ञ आजही कोयनेचं नाव घेतात. त्या पाण्यावर वीज तयार होते आणि ती महाराष्ट्रभर जाते. धरणाखाली गावं गेली, त्यांच्या पुढच्या पिढ्या जमिनीसाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत राहिल्या. कुणी ठरवून कुणाला मारलं नाही. लाखो घरांनी दिव्याचं बटण दाबलं. पाण्याच्या वजनाने जमिनीत जागं झालेलं काहीतरी, ज्याच्या भुकेवर आपण सगळे उजेडात बसलो आहोत, पण पाळी मात्र त्या खोऱ्यातल्या घरांचीच लागते: ही एकचक्राच आहे. इथे वास्तववादी कथा फार तर एका कुटुंबापर्यंत पोचते. बटण दाबणारा आणि घर गमावणारा यांना एकाच चित्रात आणायला राक्षसाएवढं मोठं काहीतरी लागतं.

अशा कथांसाठी कच्च्या मालाची वानवा आपल्याकडे नाही. तळकोकणात आणि गोव्यात वेताळाला चामड्याच्या वहाणा वाहतात, कारण तो रात्रभर गावाच्या सीमेवरून फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात. ज्या गावात सीमेचा डोंगरच खनिजासाठी कापून नेला, तिथे तो कुठून फिरतो? लोणारला, जिथे उल्का पडून पावणेदोन किलोमीटर रुंदीचं विवर झालं, तिथल्या लोकांनी जमिनीखाली दडलेल्या लवणासुराची आणि त्याला मारणाऱ्या दैत्यसूदनाची कथा सांगितली. ते विवर ज्वालामुखीचं की उल्केचं यावर शास्त्रज्ञांचा वाद विसाव्या शतकातही चालला. इथे काहीतरी भयंकर आणि अचानक घडलं, एवढं लोककथेने पक्कं धरून ठेवलं होतं.

पण मराठी संग्रहात मला सर्वांत आधी जी कथा हवी आहे ती राक्षस मेल्यानंतरची आहे. जानेवारी २०१६ मध्ये जुहूच्या किनाऱ्याला मेलेला देवमासा लागला, तेव्हा लोक फोटो काढायला धावले. तो उचलायला कोण आलं, हे कुणाच्याच फोटोत महत्त्वाचं नव्हतं. आता त्याच्या शंभरपट धूड शिवाजी पार्कवर पडलं आहे असं समजा. लष्कर निघून गेलं, मंत्री पाहणी करून गेले, वास सुटला आहे. कुणाला बोलावणार? महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. गावातली मेलेली ढोरं ओढायचं काम शेकडो वर्षं एका जातीच्या गळ्यात बांधलेलं होतं, आणि १९२७ च्या महाडनंतर, बाबासाहेबांच्या सांगण्यावरून, गावोगावच्या महारांनी ते टाकलं. त्यासाठी त्यांनी मार खाल्ला, बहिष्कार सोसले. २०१६ मध्येच गुजरातेत उना इथे मेलेल्या गाईचं कातडं सोलणाऱ्या दलितांना झालेल्या मारहाणीनंतर दलितांनी मेलेली जनावरं उचलायला नकार दिला आणि ती सुरेंद्रनगरच्या कलेक्टर कचेरीसमोर आणून टाकली. जगातल्या कुठल्याही भाषेतल्या राक्षसकथेला हे दृश्य सुचलेलं नसेल, आणि ते खरं आहे. दलित कथेची एवढी मोठी परंपरा ज्या भाषेत आहे, तिथे राक्षसाचं प्रेत कुणी उचलायचं यावरची कथा लिहिली गेली तर ती भाषांतर होऊन तोक्योपर्यंत जाईल, अशी माझी खात्री आहे.

हे काम कुठे व्हावं? दिवाळी अंकात. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथेला दरवर्षी एक हक्काची जागा आहे, आणि विषय देऊन कथा मागवण्याची पद्धतही आपल्याकडे जुनी आहे. एखाद्या संपादकाने ज्येष्ठातच पंधरा-वीस जणांना पत्र पाठवावं. त्यात विज्ञानकथा लिहिणारे चार-पाचच असावेत. बाकी ज्यांनी कधी राक्षस लिहिलेला नाही असे: खोऱ्यातून उठवलेल्या गावातला कुणी, महापालिकेच्या घनकचरा खात्यात नोकरी केलेला कुणी, किनाऱ्यावर मासळी विकणारी आणि लिहिणारी कुणी, एखादा निवृत्त तलाठी. राक्षस सगळ्यांना एकच द्यावा, उंची आणि तारीख ठरवून. गाव ज्याचं त्याने निवडावं. मानधन आधी कळवावं आणि अंक निघायच्या आत द्यावं. आणि ‘गोजिरा’च्या संसदेतल्या त्या बायकांसारखी एक तरी कथा हवी, जिच्यात राक्षस गावापासून अजून दोनशे किलोमीटर दूर आहे आणि ग्रामसभेत कुणीतरी उठून विचारतं आहे की याला उठवलं कुणी, ते लेखी द्या.